सापडलेले पान कोणाचे?

१८८९ च्या वसंतात सिनाई पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या सेंट कॅथरीनच्या मठात सिरियाक भाषेतील एक जुने हस्तलिखित चाळताना रेंडेल हॅरिस या इंग्रज अभ्यासकाची नजर अ‍ॅरिस्टायडीस या नावावर थांबली. अ‍ॅरिस्टायडीस हा अथेन्सचा तत्त्वज्ञ. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात त्याने ख्रिस्ती लोकांची बाजू मांडणारे एक निवेदन रोमन सम्राटाला सादर केले होते, एवढे चौथ्या शतकातील युसीबियस या इतिहासकाराने नोंदवून ठेवले होते. निवेदन मात्र हरवलेले होते. १८७८ मध्ये व्हेनिसच्या आर्मेनियन साधूंनी त्याचा एक तुकडा आर्मेनियन भाषांतरात प्रसिद्ध केला, तेव्हा एर्नेस्त रेनाँ यांच्यासारख्या मोठ्या विद्वानाने तो खरा मानण्यास नकार दिला. आता ते निवेदन जवळजवळ संपूर्ण, सिरियाक भाषांतराच्या रूपाने हॅरिस यांच्यासमोर होते.

पुढे जे घडले, त्याने मला या माणसाच्या चरित्राकडे ओढून नेले. हॅरिस यांनी निवेदनाचे इंग्रजी भाषांतर केले आणि ते केंब्रिजमधील एका नव्या ग्रंथमालेसाठी छापावयास दिले. मालेचे संपादक आर्मिटेज रॉबिन्सन यांनी मुद्रिते वाचली. त्यानंतर काही काळाने व्हिएन्नामध्ये ते ‘बर्लाम आणि जोसाफत’ ही मध्ययुगीन युरोपातील अत्यंत लोकप्रिय संतकथा लॅटिनमधून वाचत होते. वाचता वाचता त्यांना हॅरिस यांच्या मुद्रितांतील वाक्ये भेटू लागली. त्यांनी त्या कथेचा ग्रीक पाठ पाहिला, आणि हरवलेले मूळ ग्रीक निवेदन, थोडे काटछाट केलेल्या स्वरूपात, तिथे उभेच्या उभे सापडले. कथेतील राजाला आपल्या मुलाचे मन ख्रिस्ती धर्मापासून वळवायचे असते. त्यासाठी तो नाखोर नावाच्या माणसाला खोटा साधू बनवून वादसभेत उभा करतो. त्याने ख्रिस्ती बाजू मांडायची आणि मुद्दाम हरायचे असे ठरते. प्रत्यक्षात नाखोर बोलू लागतो तो अशा तेजाने की राजाचा डाव राजावरच उलटतो. कथाकाराने नाखोरच्या तोंडी घातलेले ते भाषण म्हणजेच अ‍ॅरिस्टायडीसचे निवेदन होते. शतकानुशतके हजारो लोकांनी ते वाचले, आणि आपण काय वाचत आहोत हे कोणालाही ठाऊक नव्हते.

ज्या कथेत ते दडले होते, ती कथा आपल्याकडची आहे. राजपुत्राच्या जन्माच्या वेळचे भविष्य, त्याला दुःखाचे दर्शन होऊ नये म्हणून बांधलेला महाल, पुढे दृष्टीस पडलेले रोगी, वृद्ध आणि मृत्यू, आणि शेवटी राज्यत्याग: हे सगळे बुद्धचरित्र आहे. इराण, अरबस्तान आणि जॉर्जिया या वाटेने ते ग्रीकमध्ये पोहोचले आणि बोधिसत्त्व हा जोसाफत नावाचा ख्रिस्ती संत झाला. एका अथेनियन ख्रिस्ती तत्त्वज्ञाचे शब्द बुद्धाच्या कथेने सांभाळून ठेवले, ते सिनाईच्या वाळवंटातील सिरियाक पोथीमुळे ओळखू आले, आणि ओळखणारा माणूस पोथी शोधणाऱ्याहून वेगळा होता. १८९१ मध्ये दोघांचे काम एकाच पुस्तकात प्रसिद्ध झाले. सिरियाक पाठ हॅरिस यांचा, ग्रीक पाठ रॉबिन्सन यांचा. आपल्या शोधाचा अर्धा मान असा दुसऱ्याकडे जाताना हॅरिस यांनी कुठे हात आखडता घेतल्याचे मला त्या पुस्तकात दिसत नाही.

निवेदनातील एक भाग मला फार जवळचा वाटतो. ख्रिस्ती लोक कसे राहतात हे सांगताना अ‍ॅरिस्टायडीस म्हणतो की त्यांच्यात कोणी गरीब असेल आणि त्याला देण्याइतके अन्न त्यांच्याजवळ नसेल, तर ते स्वतः दोन-तीन दिवस उपवास करतात आणि वाचलेले अन्न त्याला देतात. सम्राटापुढे मांडण्यासाठी त्याने चमत्कार निवडले नाहीत, हे महत्त्वाचे आहे.

जेम्स रेंडेल हॅरिस यांचा जन्म २७ जानेवारी १८५२ रोजी प्लिमथ येथे झाला. ते मुळात गणिताचे विद्यार्थी. १८७४ मध्ये केंब्रिजच्या गणित परीक्षेत ते तिसरे रँग्लर आले, र. पु. परांजपे यांच्यामुळे ही पदवी मराठी घरांत चांगली परिचित आहे. काही वर्षे त्यांनी क्लेअर कॉलेजात गणितच शिकवले. याच काळात केंब्रिजमध्ये हॉर्ट हे विद्वान बायबलमधील नव्या कराराच्या ग्रीक संहितेची चिकित्सा करत होते, आणि त्यांच्या प्रभावाने हॅरिस हळूहळू आकड्यांकडून पाठभेदांकडे वळले. गणित त्यांनी सोबत नेले. प्राचीन ग्रीक लेखनिक आपल्या कामाचे माप साधारण सोळा अक्षरांच्या एका ओळीने मोजत, तो आकडा ग्रंथाच्या शेवटी नोंदवत आणि त्यानुसार मजुरी घेत. हे आकडे जमवून आणि पडताळून कोणत्या ग्रंथातून काय गळले असावे, कुठे भर पडली असावी, याचा अंदाज बांधता येतो, हे हॅरिस यांनी दाखवले. आपल्या पोथ्यांशी थोडाफार संबंध आलेल्या माझ्यासारख्या वाचकाला यात अनोळखी काही वाटत नाही. बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ धरून पोथीच्या अखेरीस ग्रंथसंख्या लिहिण्याची आपल्याकडची रीत हाच हिशेब सांगते. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला शिस्त लावणारे विष्णु सीताराम सुकथनकर हेही केंब्रिजला गणितच शिकून आले होते, हे या संदर्भात आठवल्याशिवाय राहत नाही.

१८८२ मध्ये हॅरिस अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले. तिथे प्रयोगशाळांत जिवंत प्राण्यांवर होणाऱ्या चिरफाडीविरुद्ध त्यांनी जाहीरपणे लिहिले, त्यावरून वाद उठला, आणि १८८५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. जवळच्याच हॅवरफोर्ड या क्वेकर (युद्धविरोधी ख्रिस्ती पंथाच्या) कॉलेजाने त्यांना बोलावून घेतले. पत्नी हेलन क्वेकर होत्या आणि हॅरिसही त्याच पंथात आले. सिनाईची पहिली यात्रा या हॅवरफोर्डच्या काळातली. त्या प्रवासातून त्यांनी कॉलेजासाठी ४७ हस्तलिखिते विकत आणली.

इथे थोडे थांबले पाहिजे. पूर्वेकडची हस्तलिखिते पश्चिमेकडच्या कपाटांत कशी गेली हा प्रश्न आपल्याला परका नाही. सिनाईच्या साधूंना तर तो फारच टोचणारा होता. १८५९ मध्ये टिशेनडॉर्फ या जर्मन अभ्यासकाने त्यांच्याकडील चौथ्या शतकातील बायबलची अमोल प्रत रशियाकडे नेली होती, आणि ती फसवून नेली अशी साधूंची भावना होती. हॅरिस यांनीही इजिप्तमधून आणि तैग्रिसच्या काठावरून पाने आणली, दाम मोजून आणली. पण विकणाऱ्याची गरज आणि घेणाऱ्याची ऐपत यांत त्या काळी किती अंतर होते हे विसरता येत नाही. सिनाईच्या मठात मात्र ते वेगळे वागले. तिथली पाने त्यांनी तिथेच बसून उतरून घेतली, साधूंशी मैत्री केली, आणि दारे उघडी राहतील असे आपले वर्तन ठेवले. पुढच्या लोकांना त्याचा फायदा झाला.

ते पुढचे लोक म्हणजे अ‍ॅग्नेस लुईस आणि मार्गारेट गिब्सन या स्कॉटिश जुळ्या बहिणी. दोघी विधवा, दोघी श्रीमंत, आणि स्त्रियांना पदवी न देणाऱ्या केंब्रिजमध्ये राहून भाषांमागून भाषा शिकणाऱ्या. हॅरिस यांनी त्यांना सिनाईतील एका अंधाऱ्या कोठडीतल्या पेटाऱ्यांची खबर दिली. तिथे सिरियाक पुस्तके होती आणि ती त्यांना स्वतःला पुरती पाहता आली नव्हती. अशी खबर अभ्यासक सहसा स्वतःपाशी ठेवतात. हॅरिस यांनी ती तर दिलीच, वर हस्तलिखितांची छायाचित्रे कशी घ्यायची तेही बहिणींना शिकवले. १८९२ मध्ये अ‍ॅग्नेस यांना तिथे स्त्री-संतांच्या चरित्रांचे एक मळके, पाने चिकटलेले हस्तलिखित मिळाले. त्याचे चर्मपत्र जुने लेखन खरवडून पुन्हा वापरलेले होते आणि खालच्या पुसट अक्षरांत शुभवर्तमानांतील शब्द दिसत होते. छायाचित्रे केंब्रिजला पोहोचल्यावर तिथले सिरियाकचे अभ्यासक बर्किट आणि बेन्सली यांनी ओळखले की ही चार शुभवर्तमानांच्या अतिप्राचीन सिरियाक भाषांतराची प्रत आहे. पुढच्या वर्षी दोघी बहिणी, बेन्सली, बर्किट आणि हॅरिस पुन्हा सिनाईला गेले आणि ती पुसट अक्षरे पानापानाने उतरवली. परतल्यावर तीन दिवसांत बेन्सली वारले. १८९४ मध्ये ग्रंथ आला, त्यावर तिघा पुरुषांची नावे होती आणि प्रस्तावना अ‍ॅग्नेस लुईस यांची होती. श्रेयावरून त्या मंडळींत बरेच कडवटपण आले. हॅरिस मात्र बहिणींचे मित्र राहिले.

त्यांचे आयुष्य केवळ पोथ्यांत गेले असे समजणे चूक ठरेल. १८९६ मध्ये, ओटोमन साम्राज्यात आर्मेनियन लोकांची भीषण कत्तल झाल्यानंतर, हॅरिस आणि हेलन अनातोलियात गेले, उद्ध्वस्त गावांतून फिरले आणि मदत वाटली. तिथून लिहिलेली त्यांची पत्रे पुढच्या वर्षी पुस्तकरूपाने निघाली. या प्रवासातही त्यांची नजर हस्तलिखितांवर होती, आणि सुरुवातीला मला हे जरा खटकले. पण जळालेल्या गावात माणसे वाचवणे आणि त्या माणसांच्या भाषेत लिहिलेले वाचवणे ही दोन कामे त्यांना वेगळी वाटत नसावीत. ज्या समाजाला कोणी पुसून टाकू पाहतो, त्याच्या पोथ्याही पुसल्या जातात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

१९०३ मध्ये लायडन विद्यापीठातील मानाचे प्राध्यापकपद त्यांच्यापुढे असताना त्यांनी बर्मिंगहॅमजवळचे वुडब्रुक निवडले. चॉकलेटच्या उद्योगासाठी प्रसिद्ध असलेल्या जॉर्ज कॅडबरी यांनी आपले पूर्वीचे राहते घर क्वेकर अध्ययनकेंद्रासाठी दिले होते. पदव्या नव्हत्या, परीक्षा नव्हत्या, देशोदेशींचे विद्यार्थी मात्र येत होते. विद्वत्तेच्या बाजारभावाने पाहिले तर हा तोट्याचाच व्यवहार होता. तरी त्यांच्या हातून झालेले सर्वांत मोठे काम याच घरातले आहे.

४ जानेवारी १९०९ रोजी ते आपल्याच अभ्यासिकेतील सिरियाक पानांचा एक गठ्ठा पाहत होते. तैग्रिस नदीच्या परिसरातून आलेली ती पाने बराच काळ त्यांच्याच फळीवर पडून होती. त्यांत ‘सॉलोमनची स्तोत्रे’ म्हणून केवळ नावाने आणि तुरळक अवतरणांनी माहीत असलेला संग्रह निघाला. एकूण ४२ स्तोत्रांपैकी पहिली दोन आणि तिसऱ्याचा आरंभ सोडला तर बाकी सर्व तिथे होते. ख्रिस्ती जगाची ही सर्वांत जुनी म्हणता येईल अशी गीतसंपदा. राजा सॉलोमनचा तिच्याशी संबंध नावापुरता आहे. रचना बहुधा दुसऱ्या शतकाच्या आसपासची.

मी ही स्तोत्रे इंग्रजीतून वाचली आहेत, आणि वाचताना दरवेळी चकित झाले आहे. वीणेच्या तारांतून वारा वाहावा आणि तारा बोलू लागाव्यात, तसा प्रभूचा आत्मा माझ्या अवयवांतून बोलतो, असे एक स्तोत्र म्हणते. दुसऱ्यात देव पिता असूनही त्याला स्तन आहेत, आणि पवित्र आत्मा त्यांतून दूध काढतो. युरोपातील अनेक वाचकांना ही प्रतिमा अवघडून टाकणारी वाटली. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला ती तितकी अवघड जाऊ नये. देवाला एका लिंगात बसवायला नकार देणारी ही भक्ती पंढरपूरच्या वाटेवर रोज ऐकू येते. दोहोंत ऐतिहासिक नाते आहे असे मला मुळीच सुचवायचे नाही. अनुभवाची जात सारखी आहे, इतकेच.

स्तोत्रे प्रसिद्ध होताच जर्मनीत हार्नाक या धर्मेतिहासकाराने ती मुळात ज्यू स्तोत्रे असून त्यांत ख्रिस्ती भर पडली असे प्रतिपादन केले. कोणी ती बाप्तिस्म्याच्या वेळची गीते मानली. मूळ भाषा ग्रीक की सिरियाक यावर तर आजही एकमत नाही. अकराव्या स्तोत्राचा ग्रीक पाठ एका पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्याच्या जुन्या कागदावर, मिळाला आणि तो १९५९ मध्ये, हॅरिस यांच्या निधनानंतर अठरा वर्षांनी, प्रसिद्ध झाला.

हॅरिस यांचे सगळेच पटण्यासारखे नाही. जुळ्यांच्या पूजेचा विषय त्यांच्या मनाने असा धरला की त्यांना सर्वत्र जुळे दिसू लागले. ग्रीकांचे दिव्य जुळे, वेदांतील अश्विनीकुमार, जोडीने पुजले जाणारे ख्रिस्ती संत, आणि ‘थॉमसची कृत्ये’ या सिरियाक ग्रंथात येशूचा जुळा म्हणून येणारा व भारतात गोंडोफरस राजाच्या दरबारी पोहोचणारा प्रेषित थॉमस, हे सर्व त्यांनी एका सूत्रात ओवले. यातली काही निरीक्षणे सुंदर आहेत, पण दोन नावे जोडीने आली की मागे जुळ्यांचे दैवत असलेच पाहिजे, हा निष्कर्ष टिकत नाही. गणितातून आलेल्या माणसाने पुराव्याच्या बाबतीत इतकी ढील द्यावी याचे मला वाईट वाटते. दुसरे एक अनुमान मात्र अधिक तग धरून राहिले. जुन्या करारातील निवडक वचनांचे संग्रह सर्वांत आधीच्या ख्रिस्ती लोकांपाशी होते आणि नव्या कराराच्या लेखकांनी ते वापरले, असे त्यांनी १९१६ ते १९२० या काळात मांडले. त्यांना हवा होता तसा एकच मोठा संग्रह असल्याचे कोणी आज मानत नाही. पण मृत समुद्राजवळच्या कुमरान येथील गुहांतून अशा निवडक वचनांचे एक पान खरोखरच निघाले आणि ते १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले. अशी संकलने करण्याची चाल होती, एवढे त्यामुळे निश्चित झाले.

१९१४ मध्ये हेलन गेल्या आणि युद्धही सुरू झाले. नोव्हेंबर १९१६ मध्ये, वयाच्या ६४ व्या वर्षी, हॅरिस भारताकडे निघाले. त्यांचे मित्र जेम्स होप मोल्टन तेव्हा भारतात होते. मोल्टन हे मँचेस्टरचे मोठे भाषाशास्त्रज्ञ. नव्या कराराची ग्रीक ही कोणतीही खास पवित्र भाषा नसून इजिप्तच्या उकिरड्यांत सापडणाऱ्या पावत्या, अर्ज आणि घरगुती पत्रे यांचीच ती बोली आहे, हे ज्यांनी पपायरसच्या आधारे सिद्ध केले त्यांतले ते एक अग्रणी. अवेस्ताचाही त्यांचा व्यासंग होता, आणि म्हणूनच १९१५ मध्ये ते मुंबईत आले. पारशी श्रोत्यांपुढे त्यांनी जरथुष्ट्राच्या शिकवणीवर दिलेली व्याख्याने १९१६ मध्ये मुंबईतच पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. ते आले तेव्हा पत्नीच्या मृत्यूचे दुःख ताजे होते, आणि ते इथे असतानाच त्यांचा मुलगा युद्धात मारला गेला.

हॅरिस मुंबईला पोहोचलेच नाहीत. भूमध्य समुद्रात त्यांचे जहाज पाणतीराने (टॉर्पेडोने) बुडाले. ते वाचले, इजिप्तमध्ये उतरले, आणि तिथे जुने पपायरस जमवत राहिले. १९१७ च्या वसंतात मोल्टन भारतातून परत निघाले तेव्हा पोर्ट सैद येथे दोघे मित्र एकाच जहाजावर चढले. ४ एप्रिल रोजी तेही जहाज बुडवले गेले. उघड्या होडीत, थंडीत आणि उसळत्या समुद्रात, ५३ वर्षांचे मोल्टन इतरांना धीर देत, वल्ही मारत आणि होडीतले पाणी उपसत राहिले, आणि ७ एप्रिलला त्यांनी प्राण सोडला. त्यांचा देह समुद्रातच सोडावा लागला. ६५ वर्षांचे हॅरिस कॉर्सिकाला जिवंत पोहोचले. पुढे मोल्टन यांच्या घरी त्या होडीतील दिवसांची हकीकत कळवण्याचे कामही त्यांच्याच वाट्याला आले. ग्रीक व्याकरणाचा मोल्टन यांचा मोठा ग्रंथ अपुरा होता. तो इतरांनी पुढे नेला.

१९१८ पासून १९२५ पर्यंत हॅरिस मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात हस्तलिखितांचे काम पाहत होते. शेवटच्या वर्षांत दृष्टी गेली. १ मार्च १९४१ रोजी बर्मिंगहॅम येथे त्यांचे निधन झाले. पण त्यांनी मागे ठेवलेली पाने बोलत राहिली. १९१७ मध्ये इजिप्तमधून घेतलेल्या पपायरसमध्ये एका ममीच्या आवरणासाठी रद्दी म्हणून वापरलेले तुकडे होते. १९३६ मध्ये कॉलिन रॉबर्ट्स यांनी दाखवून दिले की त्यांत जुन्या करारातील ‘अनुवाद’ (ड्यूटेरोनॉमी) या पुस्तकाच्या ग्रीक भाषांतराचे, ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातले अंश आहेत. बायबलच्या ग्रीक भाषांतराचा इतका जुना पुरावा तोवर कोणाच्याही हाती आलेला नव्हता.

आणि अल्फोन्स मिंगाना. आजच्या इराकच्या उत्तर भागात जन्मलेला हा खाल्डियन धर्मगुरू आपल्या चर्चशी मतभेद होऊन, देश सोडून १९१३ मध्ये इंग्लंडला आला, तेव्हा हॅरिस यांनी त्याला वुडब्रुकमध्ये आसरा आणि काम दिले. स्तोत्रांची मोठी आवृत्ती दोघांनी मिळून काढली. मिंगाना यांनी १९२६ मध्ये भारतातील ख्रिस्ती धर्माच्या आरंभीच्या प्रसारावर सिरियाक साधनांच्या आधारे लिहिले. सहाव्या शतकात कल्याणला पर्शियाहून नेमलेला बिशप होता, ही कॉस्मस या प्रवाशाची नोंद ज्यांना ठाऊक आहे त्यांना या विषयाचे मोल वेगळे सांगायला नको. एडवर्ड कॅडबरी यांच्या पैशाने मिंगाना यांनी मध्यपूर्वेतून सुमारे तीन हजार हस्तलिखिते जमवली, आणि तो संग्रह आज बर्मिंगहॅम विद्यापीठात आहे. त्या संग्रहात एका जुन्या कुराणाच्या पानांसोबत बांधलेली दोन पाने होती. ती त्या कुराणाची नाहीत, वेगळ्या आणि अधिक जुन्या हातची आहेत, हे एका संशोधिकेने अक्षरावरून ओळखले. २०१५ मध्ये कर्बमापनाचा निष्कर्ष जाहीर झाला: ते चर्मपत्र ५६८ ते ६४५ या काळातले असल्याची शक्यता ९५.४ टक्के.